धुऱ्यावरचे चार मोह – तोडावे का ठेवावे?

वैनगंगाकाठी
नमस्कार मंडळी. ब्रह्मपुरी तालुक्यातलं गाव आमचं, धानाची शेती. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, मोहाची चार झाडं आहेत, आजोबाच्याही आधीची, एका माणसाच्या कवेत मावत नाहीत एवढी. आता लहान भाऊ मागं लागून राहिला का तोडून टाकू. त्याचं म्हणणं सावलीत दोन बांध्यातला (खाचरातला) धान दरवर्षी पोचट राहते, ट्रॅक्टर नीट वळत नाही, आणि लाकडाचा ठेकेदार दोनदा घरी येऊन गेला, रोख देतो म्हणते. आई म्हणते माझ्या जिवात जीव आहे तोवर कुऱ्हाड लागू देणार नाही. पण आई आता ६८ ची, कंबर धरते, मी तालुक्याला नोकरीवर आणि भाऊ पहाटे उठत नाही, त्यामुळं मागचे दोन सीझन अर्धी फुलं खालीच सडली. ते पाहून जीव तुटते पण भावाला उत्तर देता येत नाही. तर आजच्या काळात मोहाचा खरंच किती उपयोग आहे ते सांगा. दारू सोडून सांगा, ते सगळ्यांना माहीत आहे.

सावजी_रस्सा
दारू सोडून सांगा म्हणता, आता अर्धे लोक धाग्यातून उठून जातील पाहा जी! बाकी आईचं ऐका.

टोपलीभर_फुलं
दादा, माझं माहेर धानोरा तालुक्यातलं, आता पुण्यात असते, पण मार्च लागला की चार वाजता आपोआप जाग येते. आम्ही बहिणी आईसोबत अंधारातच निघायचो, कंदील आणि टोपल्या घेऊन. झाडाखाली गेलं की आधी काही दिसत नाही, नुसता आवाज येते, टप... टप... पाऊस थांबल्यावर पानावरून थेंब पडते तसा. मग उजाडते तशी जमीन पिवळसर दिसायला लागते. ताजं फूल बोटात धरलं तर रसानं फुगलेलं, तोंडात टाकलं की गोड आणि मागून थोडं उग्र. वास तर असा की घरी येऊन अंघोळ केली तरी केसातून जात नाही.

दहा-अकरा वाजेपर्यंत वेचणं चालायचं. मग अंगण सारवून त्यावर पसरायचं. पहिल्या दिवशी अंगण भरून फुलं, तीन-चार दिवसात वाळून तपकिरी झाली का एवढुशी. चार-पाच किलो ओली फुलं वाळवली तर हाती किलोभर लागते, म्हणून लहानपणी फार राग यायचा की एवढं वेचलं आणि गेलं कुठं. त्या पैशात आमच्या शाळेच्या वह्या आणि आईची एक साडी, हे दरवर्षीचं ठरलेलं. तुम्ही उपयोग विचारला, मला तर आधी हेच आठवलं.

धुऱ्याची_बाभूळ
मी यवतमाळकडचा. सगळे भावनेनं बोलून राहिले म्हणून उलटं बोलतो, राग मानू नका. मोह फेब्रुवारी ते एप्रिल उघडा असते, तेव्हा वावरात पीक नाही. जून ते ऑक्टोबर मात्र पानानं भरगच्च, आणि नेमकं तेव्हाच धान उभा असते. म्हणजे सावलीचं नुकसान खरं आहे, भाऊ उगाच नाही बोलून राहिला. चार झाडांखाली दोन बांध्या जात असतील तर दहा वर्षांचा हिशोब कागदावर मांडा, मग ठरवा. आमच्या काकानं तोडली, त्याचं काही वाईट झालं नाही.

नाकेदाराचा_पोरगा
तोडायच्या आधी एक लक्षात घ्या. मोह अनुसूचित झाड आहे. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम १९६४, त्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, हळदू यांच्यासोबत मोहही आहे. स्वतःच्या वावरातलं असलं तरी परवानगी लागते. ठेकेदार म्हणते "मी पाहून घेतो", पण सातबारावर नाव तुमचं आहे, उद्या विचारपूस झाली तर तो नाही सापडणार, तुम्ही सापडाल.

वैनगंगाकाठी
हे माहीतच नव्हतं. आजच भावाला सांगतो. धन्यवाद.

धीवर_गोंदिया
वैनगंगाकाठी भाऊ, फुलांचं सगळे सांगतील, मी टोरीचं सांगतो. फूल गळून गेल्यावर जे फळ धरते त्यातली बी. जून-जुलैत पहिल्या पावसाच्या आसपास पिकते. आमच्याकडे वटवाघळं गर खाऊन बी खाली टाकते, ती ज्या झाडावर लटकते त्याच्याखाली सकाळी आयती टोरी सापडते, पोरांचा खाऊचा पैसा तोच.

टोरी फोडून, वाळवून घाण्यावर नेली का तेल निघते. थंडीत ते तुपासारखं थिजते. आमची आजी त्यातच वडे तळायची, बाहेरच्याला वास सोसत नाही पण सवय झाली का दुसरं तेल फिकं लागते. टाचेच्या भेगा, गुडघ्याची मालिश, दिवा, सगळ्याला तेच. साबणाचे कारखानेही हे तेल घेते.

आता खरी गोष्ट ढेपीची. तेल काढून उरलेली ढेप आम्ही तलावात टाकतो. त्यात सॅपोनिन म्हणून द्रव्य असते, साबणासारखा फेस होते, आणि ते माशाच्या कल्ल्यातून रक्तात जाऊन त्याला मारते. मत्स्यबीज सोडायच्या आधी तलावातले मरळ, शिंगूर असे बीज खाणारे मासे काढायचे असते ना, त्यासाठी. मीटरभर पाणी असलं तर हेक्टरी २००० ते २५०० किलो ढेप लागते. दोन-तीन आठवड्यात जहर उतरते आणि तीच ढेप तलावाला खत होते. मगच बीज सोडायचं. आधी सोडलं का सगळं वर तरंगते, एकदा आमच्या संस्थेच्या तलावात घाई केली होती, पूर्ण बीज गेलं.

आणि एक, ही ढेप ढोरांना सरकीच्या ढेपीसारखी चारू नका. कडू असते आणि बाधते.

धुऱ्याची_बाभूळ
टोरी म्हणजे टोई ना? आमच्याकडे टोई म्हणते.

शब्दवेडा_भंडारा
एकच शब्द आहे तो! मूळ टोळी. झाडीपट्टीत ळ चा र होते, डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा, म्हणून टोरी. वऱ्हाडात ळ चा य होते, डोया, काया, म्हणून टोई. एका बीवरून माणूस वैनगंगेकडचा का पूर्णेकडचा ते ओळखता येते. मला हे इतकं आवडते की विषय सोडून लिहिलं, माफी असावी.

सावजी_रस्सा
माफी कशाची, लिहा अजून. आमच्या घरी आई भंडाऱ्याची अन् बाप अकोल्याचा, जेवताना रोज हाच वाद!

मेळघाट_मास्तर
मी धारणीकडे बारा वर्षं शिकवतो. मोहाच्या दिवसात वर्ग निम्मा रिकामा राहते, पहिल्या वर्षी चिडलो होतो, आता सकाळची हजेरी उशिरा घेतो. इथं जंगलातल्या झाडांचे सुद्धा मालक ठरलेले असते. कागदावर काही नाही, पण हे झाड अमक्याच्या आजाचं हे पूर्ण गावाला माहीत. दुसरा कोणी खालचं फूल उचलत नाही. भावाभावात वाटणी झाली तर वावरासोबत मोहाचीही वाटणी होते, आणि पोरगी देताना त्या घरी किती मोह आहेत हे विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे.

कायदेकानू
मोहावरच्या बंदीबद्दल कोणी लिहिलं नाही. इंग्रजांनी १८९२ मध्ये मोहाचा कायदाच केला होता, फूल गोळा करणं आणि जवळ ठेवणं यावरच बंधन. सरकारी दारूचा महसूल बुडत होता म्हणून. तेव्हापासून आपला आदिवासी गुन्हेगार ठरला.

शब्दवेडा_भंडारा
कायदेकानू साहेब, थोडी दुरुस्ती. १८९२ चा कायदा मुंबई इलाख्याचा, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांपुरता. आपण तेव्हा मुंबईत नव्हतोच. नागपूर-चांदा-भंडारा मध्य प्रांतात, आणि वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात पण नावाला निजामाचं. आपल्याकडे अबकारीचे नियम वेगळे होते. मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याला लागला तो १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेल्यानंतर. तुमचा मुद्दा मात्र खरा आहे, फूल खायचं असो का विकायचं, बाळगणारा संशयितच.

कायदेकानू
मान्य. ठाणे-कुलाब्याचं डोक्यातून निसटलं होतं. पुढचं सांगतो, २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि वाहतूक यावरची बंधनं उठवली. त्याआधी पोत्यात मोह घेऊन एसटीत बसलेल्या बाईला उतरवून घेतलेलं आम्ही पाहिलं आहे. त्या बाईच्या घरी तो मोह ढोराला घालायचा होता.

पाणीदार_वाघीण
मी गडचिरोली जिल्ह्यातली. दारू सोडून सांगा म्हटलं तरी ती आलीच, तर माझंही ऐका. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, ती बायांनी भांडून आणली. माझ्या मायनं सडव्याचे, म्हणजे दारूसाठी आंबवलेल्या मोहाचे, ड्रम फोडले आहेत काठीनं. मोह चांगला, झाड चांगलं, सगळं कबूल, पण ज्या घरी नवरा रोज पिऊन येते तिला विचारा मोहाच्या झाडाबद्दल. बंधन उठलं तेव्हा आमच्या गावच्या बाया खूश नव्हत्या.

कायदेकानू
ताई, तुमच्या आईला नमस्कार. पण बाटलीतली दारू कुठं मोहाची असते? चंद्रपुरात २०१५ ते २०२१ बंदी होती, तेव्हा बाहेरून येणारा माल काय मोहाचा होता का? झाडाला शिक्षा कशाला.

पाणीदार_वाघीण
झाडाला शिक्षा करा असं मी म्हटलंच नाही. माझ्या मायचेच सहा मोह आहेत आणि ती रोज वेचते. मी एवढंच म्हणते की फुलाला खायचा भाव मिळाला पाहिजे. मोहाचे लाडू करणाऱ्यानं चांगला भाव दिला तर कोण सडवा घालेल? आज व्यापारी एप्रिलमध्ये पडत्या भावात घेते आणि पावसाळ्यात तोच मोह आम्हालाच महाग विकते, कारण आमच्याकडे ठेवायला जागा नाही. ओल लागली का मोह चिकट होते, आंबते. बांबूच्या ढोलीत दाबून भरून वरून शेणामातीनं लिंपून ठेवला तर वर्षभर टिकते, पण घरी पैशाची नड असली का कोण थांबते.

टोपलीभर_फुलं
वाघीणताईंचं अगदी बरोबर. मेंढा-लेखा आमच्याच तालुक्यातलं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला १८०० हेक्टरांच्या वर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्याच गावची. अशा ग्रामसभांनी मिळून मोह विकला तर व्यापारी गावात येते. एकटी बाई टोपली घेऊन बाजारात गेली तर काट्यावर उभी राहूनही तिचं वजन कमीच भरते.

चुलीवरची
अहो मेन उपयोग राहिला ना, खाणं! वाळलेली फुलं आधी हातावर चोळून आतलं जिरं, म्हणजे केसर, झटकून टाकायचं. ते राहिलं तर घशात खवखवते. मग कोरडीच मंद आचेवर भाजायची, फुगून आली का उतरवायची. उखळात कुटायची, सोबत भाजलेले तीळ किंवा जवस. फुलातच एवढी गोडी असते का गूळ लागत नाही, तेल सुटते तिळाचं, त्यातच लाडू वळते. बाळंतिणीला आमच्याकडे हेच देतात. दुसरं, फुलं भिजवून वाटून कणकेत मळून पुऱ्या. तिसरं, लाखोरी किंवा हरभरे उकडताना त्यात मूठभर मोह टाकायचा, पोरं वाटीवर वाटी खाते. कच्च्या फळाची भाजीही होते, उकडून पाणी फेकून मग फोडणीला टाकायची.

माझी पणजी सांगायची, मोठ्या दुष्काळात तिच्या मायनं महिना-महिना मोहावर पोरं जगवली. १८९९-१९०० चा असावा तो.

सावजी_रस्सा
चुलीवरचीताई, लाडू कुरिअर करता का? खरंच विचारतो, पैसे आधी पाठवतो.

नाकेदाराचा_पोरगा
एक काळजीची गोष्ट. फुलं दिसावी म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात. पाच मिनिटाचं काम असते पण वारा फिरला का जंगल पेटते, उन्हाळ्यातले कितीतरी वणवे असेच लागते. झाडाचं खोडही भाजते, आणि नवीन रोपटं तर एकही उरत नाही. आजूबाजूला पाहा, म्हातारे मोह दिसतील, दहा-पंधरा वर्षांचा पोरगा मोह क्वचित दिसते. कारण हेच, सगळी बी आपण वेचतो आणि उरलेली जाळतो.

दुसरं, अंधारात एकटं जाऊ नका. अस्वलाला मोह आपल्यापेक्षा जास्त आवडते आणि तो खाली मुंडी घालून खात असते, आपणही वाकून वेचत असतो, एकमेकांना दिसत नाही. ब्रह्मपुरीकडे तर वाघही आहेत, वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसते. माझ्या वडिलांनी अशा दोन घरी जाऊन पंचनामे केले होते, त्या रात्री ते जेवले नाहीत. उजाडल्यावर जा, चार-पाच जण मिळून जा, बोलत राहा.

वैनगंगाकाठी
आमच्या गावातही तीन वर्षांआधी एक बाई गेली, मोहालाच. आईला म्हणूनच मी अंधारात जाऊ देत नाही. आणि उजाडेपर्यंत थांबलं तर शेजारची ढोरं फुलं खाऊन जातात. हाच तिढा आहे.

रोपवाटिका_साकोली
दादा, मग तुमचा प्रश्न झाडाचा नाहीच, वेचायचा आहे! जाळी लावा. हिरवी शेडनेट किंवा जुन्या साड्या जोडून झाडाखाली कमरेएवढ्या उंचीवर बांबूला ताणून बांधायची, मधोमध थोडा झोल ठेवायचा. फुलं रात्रभर त्यात पडते, मधे येऊन गोळा होते. आठ वाजता जायचं, उभ्या-उभ्या टोपलीत ओढून घ्यायची. वाकणं नाही, अंधार नाही, ढोराचं तोंड पोचत नाही, पाला जाळणं नाही. आणि माती न लागलेलं स्वच्छ फूल खाण्याच्या कामाचं, लाडूवाले असंच मागते. आम्ही तीन झाडांना केलं, माझी सासू सत्तरीची आहे, ती एकटी सांभाळते.

धुऱ्याची_बाभूळ
हे आवडलं. पण सावलीचं काय?

रोपवाटिका_साकोली
धानाकडच्या खालच्या फांद्या फक्त काढा, टोरी उतरून झाल्यावर. वरच्याला हात लावू नका, मोहाचा फुलोरा फांदीच्या टोकाला येते, सरसकट छाटला तर दोन वर्षं फूल नाही. झाडावर बांडगूळ असेल तर तेही त्याच वेळी काढून टाका, मोहाला ते फार लागते आणि हळूहळू झाड वाळते. सावली पूर्ण जाणार नाही, खोटं कशाला सांगू. त्या दोन बांध्यांच्या कडेला हळद किंवा अद्रक लावून पाहा, त्यांना थोडी सावली चालते, फक्त पाणी साचणार नाही असा उंच वरंबा करा.

मेळघाट_मास्तर
ताई, नवीन मोह लावायचा तर फूल कधी येते? शाळेच्या आवारात लावायचे आहेत.

रोपवाटिका_साकोली
बीपासून आठ-दहा वर्षं, कधी जास्तही. कलम केलं तर लवकर येते, चिकूसारखंच कलम होते, दोघं एकाच कुळातले. पान तोडून पाहा, दोघांतून पांढरा चीक निघते. बी मात्र ताजीच लागते, झाडाखालून उचलली की पंधरा-वीस दिवसात लावा, घरात ठेवून पुढच्या वर्षी लावाल तर उगवणार नाही. सोटमूळ खोल जाते म्हणून लांब पिशवी घ्या, किंवा सरळ जागेवरच पेरा.

पाणीदार_वाघीण
साकोलीताई, जाळीचं मायला सांगितलं. ती म्हणते "जमिनीवर पडल्याशिवाय फूल घेऊ नये असं जुने लोक म्हणत." पण मग दोन मिनिटांनी विचारलं, जाळी कुठं मिळते.

वैनगंगाकाठी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पूर्ण धागा भावाला मोबाईलवर वाचून दाखवला, आई बाजूला बसली होती. १९६४ च्या कायद्याचं ऐकून भाऊ ठेकेदारावरच भडकला. जाळीचं ऐकून मात्र स्वतःच उठून बॅटरी घेऊन गेला आणि झाडांचा घेर मोजून आला. आईनं काही म्हटलं नाही, सकाळी पाहतो तर तिनं पेटीतल्या सहा जुन्या साड्या बाहेर काढून ठेवल्या होत्या.

ठरलं असं का चारही ठेवायचे. धानाकडच्या फांद्या टोरी झाल्यावर काढू. एका बांधीच्या कडेला हळद लावून पाहतो, बाभूळ दादा, हिशोब खरोखर कागदावर मांडणार आहे, इथंच टाकतो पुढच्या वर्षी, तोटा झाला तर तोही.

धुऱ्याची_बाभूळ
टाका नक्की. माझं चुकलं निघालं तर मीच काकाच्या वावरात दोन मोह लावतो.

रोपवाटिका_साकोली
मग जुलैच्या पहिल्या आठवड्यात साकोलीला या, ताजी टोरी देते. मास्तर, तुम्हीही. येताना ओलं गोणपाट आणा, बी वाळू देऊ नका.

सावजी_रस्सा
आणि चुलीवरचीताईंचे लाडू? माझा प्रश्न तसाच राहिला.

चुलीवरची
पत्ता मेसेज करा भाऊ. एक किलो. तीळ घालू का जवस?